गुप्तांचे गुप्तधन

पुरलेल्या हंड्याच्या गोष्टी आपण सर्वांनीच लहानपणी ऐकल्या आहेत. हंड्यावर म्हणे नाग बसलेला असतो आणि पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते! हंडा सापडला की गोष्ट संपते. इतिहासाच्या अभ्यासकाची गोष्ट मात्र तेथूनच सुरू होते : हा हंडा आता कोणाचा?

फेब्रुवारी १९४६ मध्ये भरतपूर संस्थानात, बयानाजवळच्या एका खेड्यात असा हंडा खरोखरच सापडला. महाराजांची शिकार आटोपल्यावर रिकामी काडतुसे वेचणाऱ्या गावकऱ्यांना मातीत तांब्याचे भांडे लागले. आत गुप्त सम्राटांची सुवर्णनाणी! गावात वाटणी झाली. काही नाणी आटवलीही गेली. संस्थानाला वार्ता लागल्यावर उरलेली गोळा करण्यात आली. डॉ. अनंत सदाशिव अळतेकरांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या सूचीत ती १८२१ भरली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३, कुमारगुप्ताची ६२८, समुद्रगुप्ताची १८३, आणि स्कंदगुप्ताचे म्हणून ओळखलेले अवघे एक.

त्या एका नाण्याचे मोल पाहा. स्कंदगुप्ताची राजवट नुकतीच सुरू होत असताना, पाचव्या शतकाच्या मध्यास, हे धन पुरले गेले असावे, हे अनुमान त्याच्यावर उभे आहे. हूणांच्या स्वाऱ्यांचा तो काळ. तेच नाणे मुशीत गेले असते तर? सोने तोळाभरही गेले नसते. पण साऱ्या हंड्याची जन्मतिथी पुसली गेली असती.

म्हणून गावकऱ्यांना चोर म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. गरिबाला सोने सापडले, त्याने ते सोने म्हणून पाहिले. कायद्याने तरी निराळे काय पाहिले? ब्रिटिश अमलातील १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे, दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास कलेक्टरला कळवावे लागे. मूळ मालक न निघाल्यास, वेगळा करार नसेल तर, सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा. सरकारला ते हवे असेल तर किंमत धातूची, वर तिचा एक पंचमांश! म्हणजे दीड हजार वर्षांच्या इतिहासाचे मोल सोन्याच्या पाचव्या हिश्शाएवढे.

माझ्या मते असे धन साऱ्या समाजाचे आहे, आणि सरकार त्याचे मालक नव्हे, राखणदार. पण राखणदाराने सापडणाऱ्याला सोनारापेक्षा अधिक दाम आणि चारचौघांत मान दिला पाहिजे. प्रामाणिकपणा तोट्याचा ठरला तर हंडे मुशीतच जाणार.

गुप्तांच्या कित्येक नाण्यांच्या मागच्या बाजूस कमळावर बसलेली लक्ष्मी आहे. आजही घरोघर तिची पूजा होते. मुशीत गेलेल्या नाण्यांवर ती कोणत्या रूपात होती, हे मात्र आता कोणालाच कळणार नाही.