चकमकीची गिरणी

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरचे कुंभार अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून मातीत चकमकीच्या दगडाची पूड मिसळू लागले. तिने भांडे पांढरे होई आणि भाजताना आकार धरून राही. कच्चा गोटा दळणे मात्र महाकठीण, म्हणून तो आधी भट्टीत तापवत. तडकून पांढराफटक, ठिसूळ झाला की कुटत. कोरड्या कुटाईची धूळ कामगारांच्या फुप्फुसांत साचून जीव घेई. थॉमस बेन्सनने १७२६ मध्ये पाण्यात दळण्याचे पेटंट घेतले. दळणाऱ्या लोखंडी भागांचा कीस पुडीत उतरे आणि भांडी डागाळत. १७३२ च्या पेटंटात लोखंडाच्या जागी दगड आले. चर्नेट नदीकाठच्या चेडलटन गिरणीत हे दळण कसे चाले ते आजही कळते: दगडी तळाच्या गोल टाकीत पाणचक्कीच्या जोरावर जड धोंडे फरफटत, आणि दुधासारखे पातळ दळण तयार होई.

किती बारीक दळले, यावर भाजणी ठरे. कण बारीक तसा वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा. त्यामुळे मिश्रणातले फेल्डस्पारसारखे खनिज वितळले की तो लवकर त्यात विरघळतो आणि भांडे कमी आचेवर घट्ट होते. जाडा कण तसाच उरतो, निवताना वेगळा आकसतो आणि भोवती बारीक तडे पाडतो. अतिबारीक दळणही नडते: ते पाणी जास्त धरते, वाळताना भांडे फार आकसते.

दळण पाण्यात होऊ लागले तरी कोरडी पूड कारखान्यांतून गेली नव्हतीच. बोन चायना भाजताना भांड्यांना आधार म्हणून तीच भरत. तिची जागा ॲल्युमिनाने घेतली विसाव्या शतकात.