दवाच्या काठावर : आर्द्रता मोजण्याची गोष्ट

जालना म्हटले की बियाणे आठवते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या पिशवीतला प्रत्येक दाणा हा जिवंत गर्भ असतो. तो पेरणीपर्यंत जिवंत राहील का, हे बऱ्याच अंशी साठवणीच्या जागेतील ऊब आणि ओलावा यांवर ठरते.

हॅरिंग्टन या अमेरिकी बीजशास्त्रज्ञाचा एक सोपा ठोकताळा आहे. फॅरनहाइटमधील तापमान आणि सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १०० पेक्षा कमी असावी. पावसाळ्यातला एखादा दिवस घेऊ : तापमान २८ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ८२ अंश फॅरनहाइट, आणि आर्द्रता ८० टक्के. बेरीज १६२! एप्रिलमधल्या ४० अंशांच्या कोरड्या दुपारी आर्द्रता १५ टक्के असली, तरी बेरीज ११९ होते. म्हणून बियाणे थंड, कोरड्या खोलीत ठेवतात. १५ अंश आणि ४० टक्के असले, की बेरीज ९९ वर येते.

आता त्या खोलीतली पिशवी पावसाळ्यात एकदम बाहेर काढली तर? २८ अंश व ८० टक्क्यांची हवा सुमारे २४ अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यातले बाष्प संपृक्त होते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. पिशवी १५ अंशांवर आहे, म्हणजे तिच्यावर दव साचणारच. पिशवी कापडी असेल, तर ती ओल दाण्यापर्यंत पोहोचते. तेव्हा गोदामात केवळ टक्केवारी पुरत नाही, दवबिंदूही माहीत असावा लागतो.

तो मोजायचा कसा? फ्रान्समधील माँपेल्ये येथील वैद्य शार्ल ल रॉय यांनी १७५१ साली भांड्यातल्या पाण्यात थोडा थोडा बर्फ टाकून पाहिला. भांड्याच्या बाहेरून दव दिसू लागताच आतले तापमान वाचायचे, एवढीच युक्ती. पण बर्फ एकदा पडला की पाणी किती थंड होईल, हे आपल्या हातात राहत नाही.

लंडनचे जॉन फ्रेडरिक डॅनिएल यांनी १८२० साली बर्फाऐवजी ईथर वापरले. (डॅनिएल विद्युतघट तयार करणारे हेच.) त्यांच्या उपकरणात नळीने जोडलेले काचेचे दोन फुगे होते. एका फुग्यावर गुंडाळलेल्या कापडावर ईथर टाकले, की दुसऱ्या फुग्यातले ईथर उडू लागे आणि तो फुगा थंड होई. मात्र काच उष्णतेची मंदवाहक. त्यामुळे बाहेरचा पृष्ठभाग आणि आतला तापमापक यांच्या तापमानात फरक पडे.

हा दोष १८४५ च्या सुमारास आंरी व्हिक्टर रेन्यो यांनी दूर केला. त्यांनी काचेच्या नळीला तळाशी चांदीचे पातळ टोपण बसवले. चांदी सुवाहक, शिवाय चकचकीत, त्यामुळे दवाचा पहिला धूसरपणाही ओळखू येतो. शेजारी तसेच रिकामे टोपण तुलनेसाठी ठेवले. नळीतल्या ईथरमधून हवेचे बुडबुडे ओढले जात. हवेचा वेग वाढवला की थंडावा वाढे, कमी केला की टोपण पुन्हा कोमट होई. निरीक्षक दुर्बिणीतून लांबून पाही, कारण त्याच्या श्वासातही बाष्प असतेच. थंडावा हवा तेव्हा थांबवता येणे, ही या उपकरणाची खरी कमाई.

आजच्या शीत-दर्पण आर्द्रतामापकात हेच काम वीज करते. १८३४ साली पेल्टिए यांना आढळले होते, की दोन धातूंच्या सांध्यातून वीजप्रवाह सोडला तर सांधा प्रवाहाच्या दिशेनुसार थंड किंवा गरम होतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर चांगले अर्धवाहक पदार्थ मिळाले आणि हा परिणाम व्यवहारात उपयोगी ठरला. लहान आरशावर प्रकाशझोत पडतो. दव धरले की परावर्तित प्रकाश घटतो, मग यंत्रणा थंडावा कमी करते. दव विरू लागले की थंडावा वाढवते. शेवटी दव वाढतही नाही आणि विरतही नाही, असा तोल साधतो. आरशाखालचा प्लॅटिनम तापमापक त्या वेळी जे सांगतो, तो दवबिंदू.

या उपकरणात दोन गोष्टी चालवणाऱ्याने सांभाळाव्या लागतात : पंप आणि तापवणी. पंप आरशावर नमुन्याची हवा आणतो. तो फार मंद चालला तर नळीतली शिळी हवाच मोजली जाते. फार जोरात चालला तर झोतानेच आरशाचे तापमान ढळते. तापवणी दोन ठिकाणी लागते. पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २४ आणि उपकरणाची खोली २० अंशांवर असेल, तर दव आरशाआधी नळीतच पडेल. म्हणून नळी गरम ठेवतात. आणि आरसा अधूनमधून तापवून कोरडा करतात. कोरड्या आरशाची चमक नव्याने नोंदली, की साचलेल्या धुळीला यंत्रणा दव समजत नाही. पण क्षार साचले असतील, तर त्यांच्यावर खऱ्या दवबिंदूच्या आधीच पाणी धरते. क्षार तापवून जात नाहीत, आरसा पुसावाच लागतो. इतर आर्द्रतामापक तपासण्यासाठी हे उपकरण प्रमाण मानतात, ते एवढी निगा राखली तरच.

वर्गात हा प्रयोग स्टीलच्या पेल्यात होतो. पेल्यात पाणी, तापमापक आणि ढवळणी ठेवा. बर्फाचा चुरा चिमूट-चिमूट टाका. पेला धूसर होताच तापमान लिहा. मग पाणी हळूहळू कोमट होऊ द्या आणि धूसरपणा जाताच पुन्हा लिहा. दोन्हींची सरासरी म्हणजे दवबिंदू. पेल्यावर कोणाचा श्वास पडू देऊ नका. हा प्रयोग एप्रिलमध्ये एकदा आणि जुलैमध्ये एकदा करून दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहा. मग मुलांना विचारा : थंड खोलीतली बियाण्याची पिशवी कोणत्या महिन्यात जास्त सांभाळून बाहेर काढावी?