तीन जून, दोनदा

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने २००३च्या सुमारास एक छोटा माहितीपट केला होता. त्याच्या जुन्या कोडबद्दल काहीतरी शोधत असताना मला तो सापडला. त्यात ना राजपुत्र होता, ना तलवारी. लॉस एंजेलिसमधल्या एका टेकडाळ घळीचे काळेपांढरे फोटो होते. डॉन नॉर्मार्क नावाच्या तरुणाने ते १९४९ साली काढले होते. मातीचे रस्ते, तारेच्या कुंपणावर वाळत घातलेले कपडे, शेळ्या, अंगणातली कोंबडी, पहिल्या कम्युनियनसाठी पांढरा झगा घातलेली पोरं आणि मागे, अगदी दोन-तीन किलोमीटरवर, महानगराच्या इमारती. त्या घळीचं नाव चावेझ रवीन. आज तिथे डॉजर स्टेडियम आहे.

या जागेची गोष्ट इंटरनेटवर सहसा एका ओळीत सांगतात: बेसबॉलच्या मैदानासाठी गरीब मेक्सिकन लोकांना हाकललं. ओळ लक्षात राहते, पण चुकीची आहे. खरी गोष्ट जास्त वाईट आहे, कारण तिच्यात बरीच भली माणसं आहेत आणि दोन वेळा झालेलं रीतसर मतदान आहे.

घळीत तीन वस्त्या होत्या: पालो व्हर्डे, ला लोमा आणि बिशप. हजाराहून जास्त कुटुंबं, बहुतेक मेक्सिकन वंशाची. शहरातल्या कितीतरी भागांत घराच्या खरेदीखतातच अट असायची, की हे घर गोऱ्यांनाच विकायचं. म्हणून ज्यांना जिथे जागा घेता आली तिथे त्यांनी ती घेतली, हळूहळू खोल्या वाढवल्या, चर्च बांधलं, शाळा मिळवली. नगरपालिकेने रस्ते आणि दिवे यांच्याकडे दुर्लक्ष केलं, आणि मग त्याच नगरपालिकेच्या नकाशावर हा भाग ‘गलिच्छ वस्ती’ म्हणून रंगवला गेला. हे वाचताना मुंबई-पुण्याच्या कुणालाही फार समजावून सांगावं लागणार नाही.

१९४९ साली अमेरिकेत गृहनिर्माण कायदा झाला आणि शहरांना स्वस्त सरकारी घरांसाठी केंद्राचा पैसा मिळू लागला. लॉस एंजेलिसने दहा हजार घरं बांधायची ठरवली. त्यातला सर्वांत मोठा प्रकल्प चावेझ रवीनमध्ये येणार होता. आराखडा केला रिचर्ड नॉइट्रा आणि रॉबर्ट अलेक्झांडर या वास्तुरचनाकारांनी: तेरा मजल्यांचे २४ टॉवर आणि १६३ दुमजली इमारती. गृहनिर्माण प्राधिकरणाच्या बाजूने हा प्रकल्प लोकांपर्यंत नेणारा माणूस होता फ्रँक विल्किन्सन. काळे, गोरे, मेक्सिकन सगळे एकाच आवारात राहतील असं स्वप्न तो मनापासून बघत होता. जुलै १९५०मध्ये घरोघरी पत्रं गेली. तुमची घरं घेतली जातील, पण नव्या वसाहतीत पहिला हक्क तुमचा.

लोकांनी सभा घेतल्या, शिष्टमंडळं नेली, आमची घरं आमची आहेत आणि आम्हाला टॉवर नको, असं सांगितलं. त्यांचं कुणी मोजलं नाही. या टप्प्यावर मतदान नव्हतं. पुढचे दोन्ही कौल वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

बहुतेकांनी मिळेल तो पैसा घेतला आणि निघून गेले. जे पहिल्यांदा निघाले त्यांना जास्त मिळाले, जे थांबले त्यांना कमी, ही तर सगळीकडची रीत. दोन वर्षांत घळ जवळजवळ ओस पडली.

आणि मग वारं फिरलं. कम्युनिस्टांच्या भीतीने अमेरिका झपाटलेली होती आणि जमीन-घरांच्या धंद्यातल्या मंडळींनी ‘सरकारी घरं म्हणजे समाजवाद’ अशी मोहीम चालवली. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या बलाढ्य वर्तमानपत्राची साथ होती. १९५२मध्ये जमीन संपादनाच्या एका सुनावणीत विल्किन्सनला विचारलं गेलं, की तू कुठल्या कुठल्या संघटनांचा सभासद आहेस? त्याने उत्तर द्यायला नकार दिला. नोकरी गेली. पुढे संसदेच्या समितीपुढेही त्याने असाच नकार दिला आणि १९६१मध्ये तुरुंगात गेला.

३ जून १९५२ रोजी शहराला पहिला प्रश्न विचारला गेला: ही सरकारी घरं हवीत का? शहर म्हणालं, नको. कायद्याने त्या कौलाला अर्थ नव्हता, कारण केंद्राशी केलेला करार नगरपालिकेला असा मोडता येत नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आधीच सांगितलं होतं. पण राजकारणात त्याचा अर्थ पुरेपूर होता. पुढच्याच वर्षी महापौर फ्लेचर बाउरन हरले, घरांना विरोध करणारे नॉरिस पोल्सन निवडून आले आणि प्रकल्प गुंडाळला गेला. रिकामी केलेली जमीन नगरपालिकेने केंद्राकडून स्वस्तात परत घेतली. अट एकच: ‘सार्वजनिक प्रयोजन’. आपल्याकडच्या भूसंपादनाच्या नोटिशींमध्येही हेच दोन शब्द असतात आणि तिथेही ते तितकेच लवचीक असतात.

आता जरा तीन-चार हजार किलोमीटर पूर्वेला, ब्रुकलिनला जाऊ. डॉजर्स हा तिथला बेसबॉल संघ. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला संघात घेऊन मोठ्या लीगमधली वर्णभिंत पाडणारा हाच संघ. त्यांचं एबेट्स फील्ड हे मैदान जुनं आणि अडचणीचं झालं होतं. मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्येच नवं स्टेडियम स्वतःच्या पैशाने बांधायचं होतं, पण हवी ती जागा मिळवून द्यायला न्यूयॉर्कचे सर्वशक्तिमान अधिकारी रॉबर्ट मोझेस तयार नव्हते. इकडे लॉस एंजेलिसमध्ये नगरसेविका रोझलिंड वायमन आणि काउंटीचे केनेथ हान मोठ्या लीगचा संघ शहरात आणायच्या मागे लागले होते. वायमन निवडून आल्या तेव्हा जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या. (आपल्याकडे या वयात इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मिळालं तरी स्टेटस ठेवतात.)

७ ऑक्टोबर १९५७ रोजी नगरपालिकेने दहा विरुद्ध चार मतांनी करार मंजूर केला. डॉजर्सना घळीतली सुमारे ३०० एकर जमीन द्यायची, सपाटीकरणाला नगरपालिकेने आणि रस्त्यांना काउंटीने पैसा द्यायचा. बदल्यात ओमॅली ५० हजार आसनांचं स्टेडियम स्वखर्चाने बांधणार, शहरातलं नऊ एकरांचं जुनं रिग्ली फील्ड नगरपालिकेला देणार आणि नव्या मालमत्तेवर कर भरणार. दुसऱ्या दिवशी डॉजर्सनी ब्रुकलिन सोडल्याची घोषणा केली.

विरोधकांनी सह्या गोळा केल्या, पन्नास हजारांहून जास्त वैध ठरल्या आणि करार लोकांपुढे गेला. मतपत्रिकेवरचं नाव, प्रस्ताव ‘बी’.

विरोध कोण करत होतं हे पाहण्यासारखं आहे. जॉन हॉलंड आणि पॅट्रिक मॅगी या नगरसेवकांचा मुद्दा सरळ होता: जनतेची जमीन एका खासगी धंद्याला फुकटात का? चित्रपटगृहांचे मालक विरोधात होते, कारण ओमॅली पैसे भरून बघायच्या टीव्हीची योजना आखत होते आणि त्यांना आपला गल्ला बुडायची भीती होती. सॅन दिएगोच्या छोट्या लीगमधल्या संघाशी जोडलेला पैसाही विरोधी मोहिमेत होता. उठवलेल्या लोकांची आठवण ठेवून बोलणारा आवाज होता एडवर्ड रॉयबल यांचा. ते त्या काळी नगरपालिकेतले एकटे मेक्सिकन-अमेरिकन सदस्य. बाकी ‘नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी सहा वर्षांपूर्वी सरकारी घरांनाही ‘नाही’ म्हटलं असणार. त्यांना घळीतल्या माणसांशी देणंघेणं नव्हतं, करदात्याच्या पैशाशी होतं.

आणि समर्थक? त्यांनी समितीचं नाव ठेवलं ‘बेसबॉलला हो म्हणणाऱ्या करदात्यांची समिती’. इथे माझ्या मते खरी बाजी मारली गेली. प्रश्न होता एका कराराचा. त्यात जमिनीचा भाव होता, रस्त्यांचा खर्च होता, खनिज तेलाच्या हक्कांबद्दलचं कलम होतं. एवढा सगळा गुंता शेवटी एका खरं-खोटं व्हेरिएबलमध्ये कोंबला गेला आणि त्याला नाव दिलं गेलं ‘बेसबॉल’. व्हेरिएबलला नाव कोण देतं यावर अर्धा निकाल ठरतो, हे कोड रिव्ह्यूमध्ये बसणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

तोवर संघ शहरात येऊन खेळायलाही लागला होता. १८ एप्रिल १९५८ला कोलिसियममध्ये, म्हणजे मुळात ऑलिंपिकच्या मैदानावर, पहिल्या घरच्या सामन्याला ७८,६७२ लोक आले. मतदानाच्या दोन दिवस आधी, १ जूनला, टीव्हीवर पाच तासांचा ‘डॉजरथॉन’ झाला. डीन मार्टिन, जेरी लुईस, डेबी रेनल्ड्स, जॅक बेनी आले. रोनाल्ड रेगन नावाचा एक अभिनेताही करार किती चांगला हे सांगून गेला. हरलो तर संघ जाईल, अशी भीती हवेत होतीच.

३ जून १९५८. पुन्हा तीच तारीख. बाजूने ३,५१,६८३, विरोधात ३,२५,८९८. सुमारे पावणेसात लाख मतांत फरक २५,७८५चा.

मला हा आकडा वाचून सगळ्यात आधी वाटलं, की गरीब वस्त्यांनी विरोध केला असेल आणि श्रीमंतांनी स्टेडियम आणलं असेल. नकाशा उलटा आहे. शहराच्या मध्य आणि दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वस्त्यांनी होकार भरभरून दिला. विरोध जोरात होता तो सॅन फर्नांडो व्हॅलीसारख्या गोऱ्या, घरमालकांच्या उपनगरी भागात. इतिहासकार जेराल्ड पोडेअर यांनी या मतदानावर सविस्तर लिहिलं आहे. रॉबिन्सनचा संघ शहरात येतोय याचं मोल काय, हे दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय मतदाराला कुणी शिकवायची गरज नव्हती. शिवाय मैदान शहराच्या मध्यात होणार होतं, म्हणजे त्यांच्या जवळ. दूरच्या उपनगराला वाटत होतं, की आपल्या पैशाने मध्यवस्तीची चैन चाललीय.

म्हणून या मतदानाला ‘गरिबांचा पराभव’ म्हणायला मी तयार नाही. पण ‘लोकांनी ठरवलं’ हेही मला पटत नाही. १९५२ला शहराला विचारलं, घरं हवीत का? १९५८ला विचारलं, मैदान हवं का? ज्या जमिनीवर हे दोन्ही प्रश्न उभे होते ती ज्यांची होती, त्यांना दिलेल्या वचनाचं काय, हा प्रश्न कुठल्याच मतपत्रिकेवर नव्हता. पहिला हक्क देणारी पत्रं तोपर्यंत आठ वर्षं जुनी झाली होती. त्यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ कशाला लावणार? ‘नाही’ जिंकलं असतं तरी कुणाचं घर परत मिळणार नव्हतं.

नंतर कोर्टकज्जे झाले. खालच्या न्यायालयाने करार रद्द केला. जानेवारी १९५९मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने वैध ठरवला.

घळीत अजून मोजकी कुटुंबं राहत होती. त्यातलं एक आरेचिगा कुटुंब. मान्वेल आणि अब्राना या नवराबायकोने तिथे छत्तीस वर्षं काढली होती. न्यायालयाने ठरवलेले १०,०५० डॉलर त्यांनी घेतले नव्हते. ७ मे १९५९च्या रात्री कोलिसियममध्ये अपघाताने अपंग झालेल्या रॉय कॅम्पानेला या डॉजर्सच्या खेळाडूच्या सन्मानार्थ सामना झाला. ९३,१०३ माणसं आली आणि दिवे मालवून सगळ्यांनी काड्या पेटवल्या. दुसऱ्या दिवशी, ८ मेला, शेरिफची माणसं आरेचिगांच्या दारात आली. त्यांची मुलगी ऑरोरा व्हार्गास हिला चौघांनी हातपाय धरून पायऱ्यांवरून उचलून नेलं, कॅमेऱ्यांसमोर. मग बुलडोझर. पुढचे काही दिवस कुटुंब तंबू ठोकून तिथेच राहिलं. देशभर हळहळ झाली आणि लगेच बातमी आली, की या कुटुंबाची शहरात आणखी घरं आहेत. सहानुभूती ओसरली. वचन मोडलं गेलं ते गरीब होते की नव्हते यावर ते मोडलं जाणं अवलंबून असावं, हे तर्कशास्त्र मला कधी कळलेलं नाही. पण वर्तमानपत्रांना ते पुरलं.

सप्टेंबर १९५९मध्ये भूमिपूजन झालं. टेकड्या कापल्या, घळी भरल्या. पालो व्हर्डेची प्राथमिक शाळा वाहनतळाच्या खाली मातीत पुरली गेली. १० एप्रिल १९६२ला स्टेडियम उघडलं आणि त्या वर्षी २७ लाखांहून जास्त प्रेक्षक आले. स्टेडियम सुंदर आहे, यात वाद नाही. मागे डोंगर, वरच्या मजल्यावरून शहर दिसतं. पण मेक्सिकन-अमेरिकन लोकांपैकी काहींनी तिथे पाऊल ठेवायचं नाही असं ठरवलं. १९८१मध्ये मेक्सिकोच्या एका शेतकरी कुटुंबातला वीस वर्षांचा डावखुरा गोलंदाज फर्नांडो व्हॅलेन्झुएला तिथे चेंडू टाकायला लागला, तेव्हा कितीतरी घरांतला तो बहिष्कार सुटला. कितीतरी घरांतला नाही.

२०२४मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने या विस्थापितांचा आणि भरपाईचा अभ्यास करण्यासाठी विधेयक मंजूर केलं. गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी त्यावर सही केली नाही. असा अभ्यास स्थानिक पातळीवर व्हायला हवा, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे विषय पुन्हा शहराकडे आला.

घळीतल्या जुन्या रहिवाशांनी आपल्या गटाला ‘लोस देस्तेर्रादोस’, म्हणजे उखडलेले, असं नाव घेतलं. स्टेडियमला लागून असलेल्या एलिझियन पार्कमध्ये ते उन्हाळ्यात डबे घेऊन जमत आले आहेत. जुने फोटो घेऊन येतात आणि अमक्याचं घर नेमकं कुठे होतं, यावर वाद घालतात.