साबळे, कृष्णराव गणपतराव (शाहीर साबळे)

(३ सप्टेंबर १९२३ – २० मार्च २०१५). महाराष्ट्रातील अग्रगण्य शाहीर व लोकनाट्यकार. जन्म वाईजवळच्या पसरणी गावी, गरीब घरात. भजनाचा वारसा वडिलांकडून. शिक्षणासाठी आजोळी अमळनेरला असताना साने गुरुजींचा सहवास लाभला आणि त्यांच्या गाण्याला दिशा मिळाली. शाळा सातवीपर्यंतच झाली. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. घाटावरच्या या पोराला कोकणच्या मातीतला गुरू भेटला, असे म्हणता येईल.

राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल लाभलेले ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ साबळ्यांच्या खड्या, मोकळ्या आवाजाने घराघरांत नेले. शिकवून असा आवाज येत नाही. तो मोकळ्या पटांगणात, डफाच्या थापेवर कमवावा लागतो. ‘आंधळं दळतंय’ या मुक्तनाट्यात त्यांनी मुंबईतल्या मराठी माणसाची व्यथा मांडली, तर ‘महाराष्ट्राची लोकधारा’मधून कोळीनृत्य, गोंधळ, वासुदेव शहरी रंगमंचावर सन्मानाने उभे केले. हे त्यांचे सर्वांत मोठे काम होय. १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘माझा पवाडा’ हे त्यांचे आत्मचरित्र. त्यांनी गाजवलेले गीत २०२३ मध्ये महाराष्ट्राचे राज्यगीत झाले.