वाट, पाणपोई आणि प्रार्थना : त्रिरश्मी लेण्यांच्या साक्षीने प्रवासधर्माचा विचार

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मीचा डोंगर उभा आहे. लोकांच्या तोंडी त्याचे नाव 'पांडवलेणी' असे रूढ झाले. परंतु तेथील चोवीस लेण्यांचा पांडवांशी काडीमात्र संबंध नाही, ही बुद्धलेणी आहेत, हे तेथील शिलालेख आपल्या मुखाने सांगतात. या शिलालेखांचा अभ्यास राजवंशांच्या कालनिर्णयासाठी पुष्कळ झाला. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांच्याकडे निराळा प्रश्न घेऊन जात आहोत. भिन्न श्रद्धेची माणसे एका वाटेने चालतात, एका नावेत बसतात, एका छपराखाली रात्र काढतात, तेव्हा प्रत्येकाने आपली उपासना कशी करावी आणि दुसऱ्याची कशी होऊ द्यावी?

हा प्रश्न आज आगगाडीच्या डब्यात रोज उभा राहतो. कोणी टाळ घेऊन भजन म्हणतो, कोणी दोन बाकांमधील जागेत चादर अंथरून नमाज पढतो, चैत्यभूमीकडे निघालेले आपले उपासक-उपासिका त्रिशरण-पंचशील म्हणतात. कोणाला त्याचे कौतुक वाटते, कोणाला उपद्रव. प्रश्न नवा भासतो, पण नाशिकच्या कातळावर त्याचा इतिहास सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच कोरला गेला आहे.

शिलालेखात या परिसराचे नाव गोवर्धन असे येते. कोकणच्या बंदरांतून घाट चढून आलेला माल येथून देशावर जाई. व्यापारी, कारागीर, परदेशी यवन आणि शक, ब्राह्मण, परिव्राजक, भिक्खू अशा सर्वांचा राबता या वाटेवर होता. या वाटेच्या एका टोकाला शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे. तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. त्या लेखाचा विषयच प्रवास हा आहे. पूर्वीचे राजे मृगया आणि मौजेसाठी यात्रा करीत. अशोकाने त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली. तीत श्रमणांचे आणि ब्राह्मणांचेही दर्शन घेऊन त्यांना दान द्यावे, वृद्धांना भेटावे, जनपदातील लोकांशी धम्माविषयी बोलावे, असा क्रम होता.

आता दहाव्या लेण्याकडे वळू. हे लेणे दीनिकाचा पुत्र आणि क्षहरात क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने कोरविले. त्याच्या लेखात दानांची मोठी यादी आहे. ब्राह्मणांना गावे दिली, भोजने घातली, हे त्यात आहेच. पण त्यापुढील भाग आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी त्याने चौसोपी विश्रामगृहे बांधली; विहिरी, तळी व बागा केल्या; इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या; त्यांच्या दोन्ही तीरांवर बसण्याच्या जागा आणि पाणपोया उभारल्या. चरकांच्या पर्षदांना नानंगोल गावातील बत्तीस हजार नारळीची झाडे दिली. आणि सरतेशेवटी त्रिरश्मी डोंगरावर हे लेणे व पाण्याची टाकी करून ती चातुर्दिश भिक्खुसंघाला अर्पण केली. भिक्खूंच्या अन्नासाठी त्याने जे शेत दिले, ते एका ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना विकत घेतलेले होते.

या यादीतील एक भेद वाचकांनी लक्षात घ्यावा. गावे कोणाला, नारळी कोणाला, लेणे कोणाला, हे लेख नावानिशी सांगतो. नाव, पाणपोई आणि विश्रामगृह यांच्यापुढे मात्र कोणत्याही पंथाचे नाव नाही. उपासनेचे दान ज्याचे त्याला, आणि वाटेचे दान वाटसरूला, अशी ही विभागणी दिसते. अट लिहिलेली नाही एवढ्यावरून सर्वांना मुक्तद्वार होते असे सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि ज्याच्या हाती सत्ता होती, त्याला वाटसरूचा पंथ नोंदविण्याची गरज वाटली नाही, इतके तरी निश्चित म्हणता येते.

'चातुर्दिश' हा शब्दही विचार करण्यासारखा आहे. चारही दिशांकडून येणाऱ्या भिक्खूचा या वास्तूवर समान अधिकार आहे, असा त्याचा अर्थ. सतरावे लेणे उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा यवन इंद्राग्निदत्त याने दिले. पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळी विष्णुदत्ता या शक उपासिकेने येथील आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी गोवर्धनच्या कारागीर-श्रेणींकडे कायम ठेव ठेवली. आजाऱ्याला औषध मिळावे ही तिची काळजी होती.

या आचाराचे मूळ तथागतांच्या शिकवणीत आहे. मज्झिमनिकायातील धातुविभंग सुत्तात एका रात्रीची कथा येते. चारिका करीत भगवान राजगृहास आले आणि भार्गव नावाच्या कुंभाराकडे त्यांनी एक रात्र राहण्यास जागा मागितली. कुंभार म्हणाला, माझी हरकत नाही, पण शाळेत आधीच एक प्रव्रजित उतरला आहे. त्याची संमती असेल तर खुशाल राहावे. भगवंतांनी त्या तरुणास, पुक्कुसातीस, विचारले. जागा ऐसपैस आहे, असे म्हणून त्याने होकार दिला. भगवंतांनी गवत अंथरले आणि दोघांनीही रात्रीचा बराच भाग मौनाने ध्यानात घालविला. त्यानंतरच भगवंतांनी त्याला त्याच्या गुरूविषयी विचारले. ज्या गौतमाला आपण गुरू मानतो तोच समोर बसला आहे, हे पुक्कुसातीला ठाऊक नव्हते. आणि भगवंतांनीही आरंभी आपली ओळख सांगितली नाही.

सामायिक जागेतील उपासनेचा सारा शिष्टाचार या कथेत आला आहे. आधी आलेल्याची संमती घ्यावी, आपल्यापुरती जागा घ्यावी, उपासना शांतपणे करावी, दुसऱ्याचा आदर राखून मग संवाद करावा, आणि मोठेपणाचा दाखला देऊन कोणाला उठवू नये. विनयपिटकातील नियम याच धर्तीचे आहेत. आगंतुक भिक्खूने आरामात शिरताना वहाणा काढून झटकाव्यात, छत्री मिटावी, पिण्याचे पाणी कोणते ते विचारून घ्यावे. निवासी भिक्खूने आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी द्यावे. व्यापारी तांड्यात किंवा नावेत असलेल्या भिक्खूला तेथेच वर्षावास करण्याची अनुज्ञाही भगवंतांनी दिली. प्रवास आणि उपासना यांत त्यांनी विरोध मानला नाही. तसेच निगण्ठांचा उपासक उपाली गृहपती जेव्हा बुद्धाला शरण आला, तेव्हा, तुझे घर आजवर निगण्ठांसाठी पाणवठ्यासारखे होते, त्यांना भिक्षा देणे थांबवू नकोस, असा उपदेश त्यांनी त्याला केला.

येथवरचे चित्र उज्ज्वल आहे. पण इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने त्याची काळी बाजू झाकता कामा नये. त्याच डोंगरावरील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. तिने हे लेणे भदायनीय भिक्खुसंघाला दिले. आणि त्याच लेखात आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी गाताना, त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, असे अभिमानाने नोंदविले. ज्या भिंतीआड समतेचा उपदेश करणारा संघ राहिला, त्याच भिंतीवर वर्णभेदाच्या रक्षणाची स्तुती कोरली गेली. दुसऱ्याच्या उपासनेला दान देणे आणि दुसऱ्या माणसाला समान मानणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा या कातळाने आपल्याला दिला आहे. प्रार्थनेविषयीची सहिष्णुता वर्णव्यवस्थेच्या शेजारी सुखाने नांदू शकते. म्हणून ती पुरेशी नाही.

याचा पुरावा शोधण्यास फार मागे जावे लागत नाही. १९०१ साली बाल भीमराव भावंडांसह साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनावर, ही महाराची मुले आहेत असे समजताच स्टेशनमास्तरचा स्नेह आटला. एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन, मुलांनीच गाडी हाकावी या अटीवर एक जण कबूल झाला. रात्रभर त्यांना पाण्याचा थेंब मिळाला नाही. विद्याविभूषित होऊन परतल्यावर बडोद्यात त्यांना पारशी पथिकाश्रमातून हुसकावले गेले. १९३४ साली सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले असता, दारापाशील हौदातील पाण्याने हातपाय धुतले म्हणून मुसलमान रहिवाशांचा जमाव चालून आला. तो रमजानचा महिना होता. हिंदूला जो अस्पृश्य, तो पारशाला आणि मुसलमानालाही अस्पृश्य ठरतो, असा निष्कर्ष बाबासाहेबांनी या अनुभवांवरून काढला. या साऱ्या प्रसंगांत कोणी कोणाची प्रार्थना अडविली नव्हती. अडविले होते ते पाणी, वाहन आणि निवारा.

म्हणूनच आपल्या चळवळीने आरंभ वाटेपासून आणि पाण्यापासून केला. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात म्हटले होते. त्यातूनच १९२७ साली महाडचा संगर घडला. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षे दारे बंद राहिली. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवल्यास, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढे भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांवरील भेदभाव निषिद्ध केला आणि पंचविसाव्या अनुच्छेदाने उपासनेचे स्वातंत्र्य दिले, तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. वाट सर्वांची आणि उपासना ज्याची त्याची, हा उषवदाताच्या यादीत दिसणारा भेद आता राजाच्या मर्जीवर न राहता नागरिकाचा हक्क झाला.

हक्क मिळाला म्हणजे शिष्टाचाराची गरज संपते, असे मात्र नाही. दरवर्षी ६ डिसेंबरच्या सुमारास मनमाड, नाशिकरोडमार्गे मुंबईस जाणाऱ्या गाड्या आपल्या बांधवांनी भरून जातात. आपल्या गर्दीकडे नाके मुरडणारे त्या डब्यात असतात, हे आम्ही नाकारीत नाही. दुसऱ्यांची तीर्थयात्रा श्रद्धा ठरते आणि आपली गर्दी उपद्रव ठरते, हा दुजाभाव आहे आणि त्याला ठामपणे उत्तर दिले पाहिजे. परंतु आपल्या बाजूनेही विचार व्हावा. वंदना म्हणताना शेजारी आजारी माणूस, तान्हे मूल, रात्रपाळी करून दमलेला कामगार आहे काय, हे आपण पाहतो काय? ध्वनिवर्धकावरून झालेली वंदना चित्त शांत करते, की केवळ आपले अस्तित्व जाहीर करते? आणि सहप्रवासी नमाजासाठी किंवा संध्येसाठी चार हात जागा मागतो, तेव्हा पुक्कुसातीप्रमाणे 'जागा ऐसपैस आहे' असे आपण म्हणतो काय?

ज्यांना वाटेवर पाणी नाकारले गेले, त्यांच्याकडून या बाबतीत अधिक अपेक्षा आहे. ही अपेक्षा अन्यायाची वाटेल. पण ती आम्ही कमीपणा म्हणून नव्हे, वारसा म्हणून मानतो. सहिष्णुतेचे माप प्रार्थनेच्या आवाजावर ठरू नये. शेजाऱ्याला सरकून जागा दिली काय, आपल्या बाटलीतील पाणी जात-पंथ न विचारता पुढे केले काय, एवढेच पाहावे. त्रिरश्मीच्या पायऱ्या चढणाऱ्या प्रत्येक उपासकाने दहाव्या लेण्यातील तो लेख एकदा अवश्य पाहावा आणि शेजारच्या टाक्यांपाशी क्षणभर थांबावे. मसूरच्या वाटेवर त्या मुलांना असे एक टाके मिळाले असते, तर ती रात्र तहानेत गेली नसती.