केराटिनप्रेमी कवके

केराटिनप्रेमी कवके म्हणजे केस, नखे, पिसे, शिंगे, खूर आणि त्वचेचा बाह्य थर यांतील केराटिन या प्रथिनावर वाढणारी कवके (बुरशी) होत. यांतील अनेक जाती मातीत राहतात. माणसे व प्राणी यांचा सतत वावर असलेल्या सार्वजनिक उद्यानांच्या मातीत त्या जगभर आढळल्या आहेत. मृत केराटिनचे विघटन हे त्यांचे निसर्गातील प्रमुख कार्य असून त्यांपैकी मोजक्याच जाती माणसाला त्वचारोग करतात.

केराटिनचे विघटन

केराटिनमध्ये सिस्टीन या गंधकयुक्त ॲमिनो आम्लाचे प्रमाण मोठे असते. त्यातील डायसल्फाइड बंधांमुळे केराटिन पाण्यात विरघळत नाही आणि सामान्य प्रथिनविघटक विकरांना दाद देत नाही. ही कवके सल्फाइट बाहेर टाकून हे बंध तोडतात व नंतर केराटिनेज विकरांनी प्रथिनाचे लहान तुकडे करून ते शोषून घेतात. त्यामुळे केसापिसांत अडकलेले नायट्रोजन व गंधक पुन्हा मातीत मिसळतात.

प्रकार

केराटिनप्रेमी कवकांपैकी त्वचेला संसर्ग करणाऱ्या गटास त्वचाकवके म्हणतात. अधिवासानुसार त्यांचे तीन प्रकार आहेत :

• मानवप्रिय : माणसावर राहणारी, उदा., ट्रायकोफायटॉन रुब्रम.
• प्राणिप्रिय : प्राण्यांवर राहणारी, उदा., कुत्र्यामांजरांवरील मायक्रोस्पोरम कॅनिस.
• मृदाप्रिय : मातीत राहणारी, उदा., नॅनिझिया जिप्सिया (पूर्वीचे नाव मायक्रोस्पोरम जिप्सियम).

मातीत विपुल आढळणाऱ्या क्रायसोस्पोरियम प्रजातीतील कवके क्वचितच रोगकारक ठरतात.

उद्यानांतील माती

पक्ष्यांची गळालेली पिसे, प्राण्यांचे केस आणि माणसांच्या त्वचेचे सूक्ष्म कण यांमुळे उद्यानाच्या मातीत केराटिनचा पुरवठा होत राहतो. ओलावा, सेंद्रिय द्रव्य आणि उदासीन ते किंचित अल्कधर्मी माती नॅनिझिया जिप्सियाच्या वाढीस पोषक असते.

शोधण्याची पद्धत

बेल्जियन कवकशास्त्रज्ञ रेमाँ व्हानब्रोसेगेम यांनी १९५२ मध्ये मांडलेली केश-आमिष पद्धत आजही वापरली जाते. पेट्री बशीतील ओलसर मातीवर निर्जंतुक केस पसरून बशी काही आठवडे सुमारे २५–३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. केसांवर वाढलेले कवक नंतर सॅबुरो माध्यमावर वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात.

मानवी आरोग्य

मृदाप्रिय कवकांमुळे गजकर्ण (नायटा) होऊ शकतो. मातीत खेळणारी मुले आणि बागकाम करणारे यांचा मातीशी संपर्क अधिक असतो. मात्र मातीत कवक सापडणे म्हणजे रोगाचा प्रादुर्भाव नव्हे. मानवी गजकर्णाचे बहुतांश संसर्ग माणसांकडून वा प्राण्यांकडून होतात. भारतात अलीकडे पसरलेल्या चिवट गजकर्णास कारणीभूत असलेले ट्रायकोफायटॉन इंडोटिनी (नामकरण २०२०) हेही प्रामुख्याने माणसाकडून माणसाकडे पसरते.

मातीत काम केल्यावर हातपाय धुणे आणि जखम झाकून ठेवणे हितावह असते. गजकर्णावर केवळ स्टेरॉइडयुक्त मलम लावल्यास खाज तात्पुरती कमी होते. परंतु संसर्ग पसरतो आणि त्याचे मूळ रूप बदलल्याने निदान अवघड होते.