रामेश्वरची वाट

इंग्लंडच्या शेताशिवारांतून पहाटे धावणारा माणूस परक्याच्या कुरणातूनही बिनदिक्कत जातो. पायवाटेवरचा हा वहिवाटीचा हक्क १९४९च्या कायद्याने नकाशांवर नोंदवायला लावला. तंजावरच्या मराठी राज्यात रामेश्वरच्या यात्रेकरूंची वाट राखली ती छत्रांनी. तमिळात सत्तिरम, मराठीत छत्र. आपला ‘अन्नछत्र’ शब्द त्याच कुळातला.

१७९९च्या तहाने दुसऱ्या सरफोजी राजांचा मुलूख कंपनीकडे गेला. हाती किल्ला आणि तनखा उरला. तरीही १८०१ साली त्यांनी रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांची बाजू मांडली. तिथे सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे, आजाऱ्याला औषधोपचार, गरोदर बाईला बाळंतपणापुरता आसरा. वाटेत कुणी मेला तर त्याचे अंत्यसंस्कारही होत. पुढे ओरत्तनाडूला मुक्ताम्बेच्या स्मरणार्थ उभारलेले छत्र आजही त्या काळाची साक्ष देते.

इंग्लंडातल्या कायद्याने चालणाऱ्याची वाट मोकळी ठेवली. सरफोजींना एवढे पुरेसे वाटले नाही. चालून दमलेल्याला पुढे जेवण मिळणे हाही वाटेचाच भाग, असे त्यांनी मानले. आणि मुलूख गेल्यावरही ती जबाबदारी सोडली नाही.